गाठ परत येईपर्यंत

ता. ३ मार्च

चि. टाचणीस,

आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण काही नाही. कारण असलं की सगळेच आठवण काढतात.

मी बोलते आहे आणि तुझा बाप लिहितो आहे. फोन मला नको. त्यातलं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तुझा बाप मध्ये बोलून खातो. पत्र बरं. पुन्हा पुन्हा वाचून घेता येतं आणि उशीखाली ठेवता येतं.

दुकानात काळ्या कोटांचा ढीग पडला आहे. वकील लोकांना एकाच वेळी कोट का लागतात, देव जाणे. आपली बटणताई काजं करून करून डोळे चोळते आणि मी तिच्याशेजारी बसून धागे तोडते. म्हणजे मला पगार नाही, पण हुकूम सोडायची मुभा आहे. तू लिफ्ट दुरुस्त करतेस हे मी समोरच्या चष्मेवाल्याला सांगितलं. तो म्हणाला की मुलीला असलं काम झेपतं का. मी म्हटलं, आमच्या सात पिढ्या बसून काम करत आल्या, एक तरी वर जाऊ दे.

जेवत जा. केस वर बांधत जा, नाहीतर कुठल्या तरी चाकात जातील.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझी आजी

(आई अजून बरंच बोलते आहे, पण कागद संपला. मी ठणठणीत आहे. — बाबा)


ता. १२ मार्च

ती. आजीस,

टाचणीचा कृ. सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. केस मी टोपीखाली खोचते, आणि चष्मेवाल्याला सांग की झेपतं. काल एका कचेरीच्या इमारतीत पाचव्या आणि सहाव्या मजल्यांच्या मधे अडकलेल्या तिघांना बाहेर काढलं. त्यातला एक साहेब बाहेर येताच म्हणाला की मेकॅनिक कुठे आहे. मी पाना हातात घेऊन त्याच्यासमोरच उभी होते.

आजी, एक विचारू? बाबा म्हणतात कागद संपला, पण अर्धं पान कोरं होतं. आणि ते ठणठणीत आहेत हे त्यांनी कुणी विचारलं नसताना लिहिलंय. तू नक्की काय काय सांगितलं होतंस?

मोठ्यांना नमस्कार म्हणायचं तर घरात मोठी तूच. तेव्हा तुलाच दोन. लोभ आहे, तो असाच ठेव.

तुझी
टाचणी


ता. २४ मार्च

चि. टाचणीस आशीर्वाद.

अर्धं पान कोरं! तासभर बोलले मी त्या दिवशी. शिंप्याने माझं पत्रही कापडासारखं बेतलं आणि नको तेवढं कापून टाकलं. म्हणून आज लिहायला बटणताईला धरलं आहे. तुझा बाप बाहेर मापं घ्यायला गेला आहे.

त्या दिवशी जे सांगितलं होतं ते पुन्हा सांगते. तुझा बाप खाजवतो. थंडी सरत आली तेव्हापासून. अंगावर पुरळ नाही, फोड नाही, डास चावल्याची खूणही नाही, आणि खाजवून खाजवून पोटऱ्या रक्ताळल्या आहेत. संध्याकाळी अंग कोमट लागतं. आणि मानेच्या डाव्या बाजूला, कॉलर बसते तिथे, एक गाठ आहे. कोटाच्या बटणाएवढी. दाबली तर खोडरबरासारखी लागते. दुखत नाही, म्हणून हा तिला गाठच मानत नाही.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे मीच ओढून नेलं. भला माणूस, आपल्याकडचाच कोट घालतो. त्याने घसा पाहिला, दात पाहिले, म्हणाला की कुठेतरी जंतू शिरलेत, आणि गोळ्या दिल्या. गाठ निम्मी झाली. आम्ही खूश. गोळ्या संपल्या आणि गाठ परत पहिल्यासारखी, जणू माहेराला जाऊन आली. मग रक्त तपासलं. रक्त चांगलं आलं. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, चांगल्या रक्ताचा माणूस असा खरजुल्या कुत्र्यासारखा खाजवतो का?

त्याने प्रश्न विचारले ते नीट विचारले, त्याला नावं ठेवणार नाही. रात्री घाम येतो का? तुझा बाप म्हणाला की दिवसभर इस्त्रीच्या वाफेत उभा असतो, मला चोवीस तास घाम येतो. वजन उतरलंय का, कपडे सैल झालेत का? हा म्हणाला, अजिबात नाही. खोटं नाही बोलला. मी शेजारीच बसले होते, शर्ट-पँट अंगावर कालच शिवल्यासारखे बसले होते.

तरी माझ्या जिवाला घोर आहे. हे तुझ्या पोटातच ठेव, त्याला कळवू नकोस. लोभ कर आणि चार दिवसांत उत्तर कर.

तुझी आजी

(ता. क. हे सगळं मी जसंच्या तसं लिहिलंय, काही कापलं नाही. — बटणताई)


ता. २ एप्रिल

ती. आजीस,

सा. न. वि. वि. पत्र जिन्यात उभी राहून वाचलं. आधी एक काम कर, मग पुढचं वाचून घे. बाबांची पँट हातात घे आणि कंबरेची पट्टी आतून चाचपून बघ.

शिंप्याला कपडे सैल झाले का, हे विचारून काय उपयोग? रस्त्यात अनोळखी माणसाच्या कोटाची पाठ ढगळ दिसली तर त्याला थांबवणारा माणूस तो. स्वतःची पँट सैल झाली तर ती सैल झाली हे त्याच्या डोक्यापर्यंत पोचायच्या आधीच त्याच्या हातांनी ती आत घेतलेली असेल. ते खोटं बोलले नाहीत. त्यांना खरंच ठाऊक नसेल.

मी येऊ का? रजा मागितली तर कुरकुर करतील, पण देतील.

लोभ असू दे, आणि हे काम आजच्या आज होऊ दे.

टाचणी


ता. ११ एप्रिल

चि. टाचणीस आशीर्वाद.

चाचपली. कंबरेच्या मागच्या बाजूला मुठीत धरता येईल एवढं कापड दुमडून आत घातलं आहे. बटणताईने पँट उलटी करून उजेडात धरली. मग म्हणाली की आजी, ही एकदा नाही, पुन्हा पुन्हा आत घेतलीय, शिवणीवर शिवण आहे. आणि शर्टाच्या कॉलरी मात्र उसवून मोठ्या केलेल्या. कंबर आत, गळा बाहेर. असं माप कुठल्या धडधाकट माणसाचं असतं?

त्याला विचारलं तर तो गोंधळला. म्हणाला, जरा ढिली वाटली की टाके घालतो, त्यात सांगायचं काय. मग स्वतःच पट्टीवरच्या शिवणी मोजायला लागला आणि मधेच थांबून पँट खाली ठेवली.

ती पँट पिशवीत घालून मी डॉक्टरकडे गेले. तो खुर्चीतून उठलाच. म्हणाला की मी काट्यावर उभं करायला हवं होतं, कपड्यांवर विसंबलो. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

तिथे छातीचा फोटो काढला. छातीच्या मधोमध सावली आहे म्हणे. कसली, ते सावलीवर लिहिलेलं नसतं. मग गाठीत सुई घालून थोडं काढलं आणि काचेवर पाहिलं. रिपोर्ट आला, निश्चित सांगता येत नाही. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला की वयाकडे आणि तापाकडे पाहता क्षय असावा, औषध सुरू करू. असावा! आमच्याकडे कोट शिवायला टाकला आणि मी म्हटलं की याला बाही असावी, तर चालेल का गिऱ्हाइकाला? पण तो पोरगा दिवसभर उभा राहून शंभर माणसं तपासतो, त्याच्या डोळ्यांखाली काळं झालेलं. त्याच्याशी भांडवेना.

तू येऊ नकोस अजून. तुझा बाप म्हणतो, ती आली की मी आजारी ठरेन. सध्या तो सावलीवाला आहे, आजारी नाही.

जीव टांगणीला आहे, तरी लोभ जागेवर आहे. तुझाही असू दे.

तुझी आजी


ता. ६ जून

चि. टाचणीस अनेक आशीर्वाद, आणि आज जरा हसून आशीर्वाद.

मधे पत्र नाही, कारण सांगण्यासारखं काही घडत नव्हतं. क्षयाच्या गोळ्या चालू होत्या. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी गत. ताप तसाच, खाज दुप्पट. ओला टॉवेल पाठीवर घेऊन कापड बेतायला बसायचा. एकदा कात्री हातातून सुटली आणि चांगल्या कापडाला चीर गेली. त्या दिवशी तो नुसता त्या चिरेवरून बोट फिरवत बसला. मला पाहवेना म्हणून मी आत गेले.

मग एक डॉक्टरीणबाई भेटल्या, गाठींच्याच. त्यांनी मान, काखा, जांघा, सगळीकडे बोटं फिरवली. म्हणाल्या की सुईने चार पेशी येतात, त्याने भागत नाही, गाठ अख्खी काढून पाहावी लागेल. तुझ्या बापाला समजावलं ते त्याच्याच भाषेत. एक धागा ओढून पाहिला तर सूत कळतं, पण कापड कुठलं ते कळायला वीण बघावी लागते. तो मान हलवत होता. पहिल्यांदाच कुणाचं तरी बोलणं त्याला पटलं. तारीख मात्र लांबची मिळाली. आमच्यापुढे रांग आहे, आणि रांगेतल्यांनाही गाठी आहेतच.

आता गंमत ऐक. तारखेची वाट बघता बघता खाजेने तो अगदी रडकुंडीला आला. मी माझी डबी उघडली. माझ्या सांध्यांच्या गोळ्या आहेत ना, त्या बारीक पांढऱ्या, ज्यांनी माझी बोटं सकाळी उघडतात? म्हटलं, माझी सूज उतरते, तर तुझी का नाही उतरणार? रोज देत गेले. टाचणे, चमत्कार! खाज गेली. ताप गेला. भूक अशी लागली की माझ्या ताटातलंही उचलतो. आणि गाठ विरघळत आली, साखरेच्या खड्यासारखी. आता चाचपून शोधावी लागते. एवढी यंत्रं, एवढे डॉक्टर, आणि कामाला आली कुणाची डबी? बटणताई म्हणते की आजी, दवाखाना काढा. मी म्हटलं, पाटी तू लिही.

तो तर म्हणत होता की आता गाठ काढायची कशाला, तारीख रद्द करू. पण बटणताई हट्टाला पेटली, तारीख मिळालीय ती सोडायची नाही. तेव्हा जाणार आहे.

आज पोटभर जेव. लोभ नेहमीचाच, आज वर थोडा जास्तीचा.

तुझी आजी


ता. १४ जून

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मी कामावरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं. एकाने विचारलं की आजीकडे गुडघ्यासाठी काही आहे का.

पण आजी, डॉक्टरीणबाईंना तुझ्या गोळ्यांचं सांगितलंस ना? गाठ काढायच्या आधी सांग. मला काही कळतं असं नाही, पण एका माणसाचं औषध दुसऱ्याने घेतलं हे त्यांना ठाऊक असलेलं बरं.

लोभ आहे, आणि आज मला बरी झोप लागेल.

टाचणी


ता. २७ जून

चि. टाचणीस बाबांचे आशीर्वाद.

हे पत्र मी आईच्या नकळत लिहितो आहे. आईला याबद्दल काही लिहू नकोस.

तुझं पत्र पोचलं त्याच्या आदल्या दिवशीच गाठ काढून झाली होती. म्हणजे जे उरलं होतं ते काढलं. रिपोर्ट आला. त्यांना त्यात मेलेल्या पेशी सापडल्या, सुजेच्या पेशी सापडल्या, पण नाव देता येईल असं काही नाही. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि मला सरळ विचारलं की मधल्या काळात काही घेतलंत का. आई बाहेर बाकावर होती. मी म्हणालो, औषधाच्या दुकानातून खाजेसाठी पांढऱ्या गोळ्या आणल्या होत्या.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या की ती स्टेरॉइडची गोळी. मला ज्याचा संशय आहे तो आजार असेल, तर तो या गोळीने तात्पुरता दबतो, बरा होत नाही. पण त्याची ओळख पुसली जाते. चोराला पकडायचं तर त्याचा चेहरा दिसायला हवा, आणि तुम्ही त्याला बुरखा घातलात. नाव कळल्याशिवाय औषध देता येत नाही, कारण त्यातही बऱ्याच जाती आहेत आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. छातीतली गाठ हाती लागेल अशा जागी नाही. आता गोळ्या हळूहळू बंद करायच्या आणि मानेतली गाठ परत येईपर्यंत थांबायचं. किती, ते त्यांनाही माहीत नाही. मधल्या काळात आत काय वाढेल, तेही नाही.

आईला मी सांगितलंय की काचेच्या पट्ट्या नीट झाल्या नाहीत म्हणून पुन्हा करायचं आहे. तिला खरं कळलं तर ती मोडून पडेल. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी दुखण्याला तिच्या हातून उतार पडला, म्हणून ती गल्लीभर सांगत फिरते आहे.

तू येऊ नकोस. मी काम करतो आहे. लोभ असावा.

बाबा


ता. ५ जुलै

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. आमच्याकडे रोज हेच होतं. लिफ्ट अडकली की लोक आम्हाला बोलवायच्या आधी मेन स्विच बंद करून चालू करतात. लिफ्ट चालायला लागते. आम्ही जातो तेव्हा ती शहाण्या मुलासारखी वरखाली करून दाखवते, आणि बिघाड कुठे होता ते कळायला काही उरत नाही. आम्ही सही घेऊन परत येतो आणि मनात म्हणतो, आता पुन्हा अडकू दे, पण आत कुणी नसताना अडकू दे.

बाबा, या खेपेला आत तुम्ही आहात.

आजीला मी काही लिहिलेलं नाही. पण ती अडाणी आहे, भोळी नाही, एवढं लक्षात ठेवा. मला येऊ द्या.

तुमची
टाचणी


ता. २० जुलै

चि. टाचणीस आशीर्वाद.

तुम्ही बापलेक मला काचेची समजता का? माझ्या डबीतल्या गोळ्या कमी झाल्या तेव्हा मी मोजत होते, आणि तुझा बाप डॉक्टरीणबाईंना सांगतो की दुकानातून आणल्या. बाकावर बसले होते, बहिरी झाले नव्हते. दाराला फट होती. फोनवर ऐकू येत नाही मला, फटीतून येतं.

मी त्याला काही बोलले नाही. तो माझ्यासाठी खोटं बोलला, ते त्याचं त्याच्याजवळ राहू दे. पण दुसऱ्या दिवशी मी बटणताईला घेऊन परत गेले आणि डबी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, मी दिल्या, किती दिल्या आणि कधीपासून ते लिहून घ्या, तुमच्या कामाला येईल. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या की आजी, हे पुष्कळ घरांत होतं. मी म्हटलं, बाई, पुष्कळ घरांचं मला सांगू नका, माझ्या घरात मुलगा एकच आहे.

आता रोजचं ऐक. सकाळी चहा झाला की तो माझ्यासमोर स्टुलावर बसतो आणि कॉलर खाली ओढतो. मी बोटं फिरवते. मी विचारत नाही, तोही नाही. बोटांना काही लागत नाही. मी म्हणते, नाही. तो कॉलर नीट करतो आणि कामाला लागतो. खाज परत आली आहे. ताप परत आला आहे. घामाने अंथरूण पिळून काढावं लागतं. सगळं परत आलं, फक्त जिची वाट बघतोय ती येत नाही. गोळी दिली असती तर दोन दिवसांत त्याला उतार पडला असता, हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. डबी मी बटणताईच्या घरी ठेवायला दिली आहे. माझ्या गोळ्या मला ती एकेक आणून देते. माझा माझ्यावर भरवसा नाही, तो असा तळमळायला लागला की.

टाचणे, कुठल्या आईने असं मागितलं असेल गं? मी मागते. डोळे मिटून मागते, माझ्या लेकराच्या मानेत गाठ येऊ दे. मोठी येऊ दे. हाताला लागेल अशी येऊ दे. मागून झालं की स्वतःच्या तोंडात मारून घेते, आणि पुन्हा मागते.

बटणताई लिहिताना रडते आहे. तिला म्हटलं, कागद भिजवू नकोस, टाचणीला वाचता यायला हवं.

लोभ कर. पुष्कळ कर.

तुझी आजी


ता. २ ऑगस्ट

चि. टाचणीस,

आली.

आज सकाळी. आधीच्या जागेच्या जरा खाली, हाडाच्या वर. वाटाण्याएवढी होती परवा, मला खात्री नव्हती म्हणून बोलले नाही. आज पक्की. मी त्याला म्हटलं, आली रे! आणि हसले. मोठ्याने हसले, परीक्षेचा निकाल लागल्यासारखी. तोही हसला. म्हणाला, बरं झालं. बटणताई हातातलं काम टाकून धावत आली आणि तिनेही बोट लावून पाहिलं. आम्ही तिघं त्या गाठीभोवती उभे राहून हसत होतो. समोरचा चष्मेवाला दारात येऊन विचारू लागला की काय आनंदाची बातमी.

मग मी मोरीत जाऊन बसले ती दुपारपर्यंत.

हे पत्र टाकायचं राहून गेलं, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी रांग मोडून तिसऱ्या दिवशीच घेतलं. गाठ अख्खी निघाली. आता थांबायचं. लोभ असू दे.

आजी


ता. १३ ऑगस्ट

चि. टाचणीस आजीचे आशीर्वाद.

नाव सापडलं. लिम्फोमा. त्यातली जात कुठली तेही सापडलं, ते बटणताई खाली वेगळं लिहील, तू तिथल्या कुणा जाणत्याला दाखव. क्षय नव्हता, जंतू नव्हते. छातीतली सावली त्याचीच, आणि पोटातही थोडं आहे. औषध येत्या आठवड्यात सुरू होईल, शिरेतून, थांबून थांबून, बरेच महिने. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे सांगितलं. तुझा बाप मांडीवर हात ठेवून ऐकत होता, मापं लिहून घ्यावीत तसा. त्याने एकच विचारलं की दुकान अर्धा दिवस उघडता येईल का.

मग त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, आजी, इतके महिने तुम्ही येऊन आम्हाला विचारत होतात आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. काय विचारायचं असेल ते विचारा, मी खरं तेच सांगेन.

टाचणे, मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरला सोडलं नाही, सावली काढणाऱ्याला सोडलं नाही, सुईवाल्याला, केसपेपरच्या खिडकीवरच्या बाईला, सगळ्यांना धारेवर धरलं. आणि त्या वेळी विचारायचा होता तो एकच प्रश्न मला विचारवेना. तुझा बाप माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं होतं आई विचारेल. मला वाटलं होतं तो विचारेल. शेवटी मी विचारलं, पंखा जरा कमी करता का.

त्यांनी उठून पंखा कमी केला. आम्ही दोघं नमस्कार करून बाहेर आलो.

तेव्हा आता ये. आजारी ठरायचं होतं ते तो ठरला, आता अडवणारं काही नाही. त्या खोलीत टेबलासमोर दोन खुर्च्या आहेत. तू दाराजवळच्या खुर्चीवर बस आणि तू विचार. मी बाहेर बाकावर बसेन. बटणताईला दार नीट लावून घ्यायला सांगेन, फट राहायला नको. उत्तर ऐकून बाहेर आलीस की माझ्या तोंडाकडे बघू नकोस. सरळ त्याच्याकडे जा, आणि मला नंतर, घरी गेल्यावर, हळूहळू सांग.

पत्र मिळताच नीघ. येताना बाकी काही आणू नकोस, लोभ तेवढा आण.

तुझी आजी